शिवेपलीकडचा चहा

चहाचा विषय निघाला की मी जरा जास्तच शहाणपणा करतो, असं आमच्या घरी सगळ्यांचं म्हणणं आहे. ते खरं आहे. नाशिकच्या एका चहा कंपनीत मी तीस वर्षं चहा चाखायचं काम केलं. टेबलावर ओळीने पन्नास वाट्या मांडलेल्या असायच्या. प्रत्येकीतला एक चमचा घ्यायचा, फुर्रकन ओढायचा, तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली, तरी पाहुणा म्हणून कुठे गेलो की यजमानीणबाई चहा पुढे करताना घाबरतात. बायको म्हणते, "तुम्हाला चहा देणं म्हणजे परीक्षेचा पेपर देणं आहे." मला हे ऐकून मनातून बरं वाटायचं. जळकोटला जाऊन आल्यापासून तेवढं वाटत नाही.

जळकोट हे लातूर जिल्ह्यातलं लहानसं तालुक्याचं गाव. तिथे शिवलीला राहते. अन्नतंत्राचं शिक्षण घेत असताना ही मुलगी सहा महिने माझ्या हाताखाली शिकली होती. जीभ फार चांगली. पुढे लग्न होऊन ती जळकोटच्या एका लिंगायत व्यापारी घरात गेली. सासरे मन्मथप्पा यांचं किराणा आणि चहापत्तीचं जुनं दुकान. भाद्रपदात तिचा फोन आला.

"सर, दसऱ्याला तुमी याच. दुकानात एक फळी अप्पांनी मला दिलीय. पानाचा चहा ठेवायचाय. शरदाचे तीन चहा. पर अप्पांची एक अट हाय."

"कसली अट?"

"जी खायची-प्यायची वस्तू त्यांनी सोता चाखली न्हाई, ती दुकानात ठेवायची न्हाई. पन्नास वर्षांचा नेम हाय त्यांचा. त्यांनी चाखून हाव म्हणलं, तरच दसऱ्याच्या दिशी फळी मांडायची. न्हाईतर तिथं साबणाच्या वड्या जाणार."

साबण म्हटल्यावर मी तिथल्या तिथे तिकीट काढलं. चहाच्या जागी साबण जातोय आणि मी नाशकात पेपर वाचत बसलोय, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

शरदातला चहा म्हणजे काय, हे आधी सांगतो. पावसाळा संपून थंडी पडायच्या आत डोंगरातल्या मळ्यांवर वर्षातला शेवटचा तोडा होतो. पान कमी मिळतं, पण उतरतो तो चहा तांब्याच्या रंगाचा, मऊ, आणि मागे किंचित मधासारखा रेंगाळणारा. हे पान दुधात उकळायचं नसतं. पाणी उकळून उतरवायचं, पान टाकायचं, झाकायचं आणि साडेतीन मिनिटं गप्प बसायचं. शिवलीलाच्या तीन चहांपैकी पहिला हा नुसताच. दुसऱ्यात तरवडाची वाळवलेली पिवळी फुलं. तिसऱ्यात आंबाडीची लाल बोंडं आणि गवती चहा. गेल्या सालच्या शरदातल्या तोड्याचं पान माझ्याकडे होतं, ते दोन डब्यांत भरून घेतलं. बरोबर किटली, चमचा आणि साडेतीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ.

नांदेड, सप्तमी

नांदेडला पहाटे उतरलो. हवेत अजून गारवा होता, पण नऊ वाजेपर्यंत ऊन असं तापलं की शरद ऋतू हा शब्द फक्त पंचांगात राहिला. रिक्षावाल्याला म्हटलं, चांगला चहा कुठे मिळेल? तो म्हणाला, "दुकानातला पाहिजे का लंगरचा? लंगरचा प्या. तसा चहा इकत मिळत न्हाई."

गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीला बसलो. पांढऱ्या दाढीचे एक सेवादार बादली घेऊन आले आणि माझ्या पुढ्यातल्या स्टीलच्या वाटीत चहा ओतला. दाट दूध, बडीशेप, भरपूर साखर. वाटीला कान नाही, त्यामुळे ती दोन्ही हातांच्या ओंजळीत धरावी लागते. चाखणारे लोकही बिनकानाच्या वाटीतूनच चाखतात, आणि मी सवयीने फुर्रकन घोट ओढला. शेजारचे गृहस्थ दचकले. थुंकायची सवय मात्र वेळेवर आवरली. सेवादारांनी न विचारता वाटी पुन्हा भरली. माझ्या शास्त्रात त्या चहात सतरा चुका होत्या, आणि मी तो तीनदा प्यालो.

धर्माबाद, अष्टमी

तरवडाची फुलं धर्माबादहून न्यायची होती. तेलंगणाची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. स्टेशनाबाहेर पडल्यावर निम्मी माणसं तेलुगूत बोलताना ऐकू आली, आणि मिरचीच्या आडतीवरून जाताना सलग नऊ शिंका आल्या. मी मोजल्या.

राजव्वा नावाच्या बाई शिवलीलासाठी फुलं सुकवून ठेवतात. त्यांच्या अंगणात गेलो तर तिथे बायकांची गर्दी. त्या दिवशी बतुकम्माचा शेवटचा दिवस होता. परातीत फुलांचे थरावर थर रचून, गोल उंच डेरा करून बायका त्याभोवती फेर धरतात आणि संध्याकाळी तो तळ्यात सोडतात. आमच्याकडच्या भोंडल्याची ही लांबची बहीण म्हणायची, फक्त आमच्या पाटावरच्या हत्तीऐवजी इथे फुलांचा डोंगर. त्यात सगळ्यात जास्त फुलं तरवडाची. त्याला त्या तंगेडू म्हणतात.

राजव्वांनी सावलीत सुकवलेल्या फुलांची पिशवी आणून दिली. मी नाक खुपसून वास घेतला. गवताच्या गंजीसारखा, किंचित गोड.

"फुलं देवीला वाहायची असत्यात," त्या म्हणाल्या. "तुमी लोकं उकळून पिता."

"उकळत नाही, राजव्वा. गरम पाण्यात भिजवतो."

"मंग देवी कमी रागावंल," असं म्हणून त्या खदखदून हसल्या. जाताना त्यांनी तिळाच्या चटणीचा आणि दहीभाताचा डबा दिला. फेर सुरू झाला तेव्हा मी कट्ट्यावर बसून तो दहीभात खाल्ला. फार दिवसांनी काहीच न तपासता, नुसतं जेवलो.

शिवलीलाचा नवरा बसवराज दुकानासाठी मिरची न्यायला गाडी घेऊन आला होता. त्याने मोठ्या प्रेमाने माझी बॅग डिकीत, मिरचीच्या पोत्यावर ठेवली. मी ओरडलोच. चहाचं पान शेजारच्या वस्तूचा वास पिऊन घेतं. तासाभरात माझा मधाळ चहा ठसक्याचा झाला असता. मग मुखेडवरून जळकोटपर्यंत दोन्ही डबे आणि फुलांची पिशवी मांडीवर घेऊन मी बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या गंजी लागल्या होत्या. बसवराज दर दहा मिनिटांनी विचारायचा, "सर, अवघडलाव का?" मी अवघडलो होतो, पण कबूल केलं नाही.

जळकोट, खंडेनवमी

सकाळी "शरणु शरणार्थी" म्हणत मन्मथप्पा बैठकीत आले. सत्तरीचे, ताठ, कपाळाला विभूतीचे पट्टे. पूजा झाल्याशिवाय ते पाणीही घेत नाहीत.

"सुटा चहा, सुटा चहा म्हणून पोरगी लई कवतिक सांगून राहिली," ते मला म्हणाले. "आवो, पन्नास वर्षं आमी सुटाच चहा इकून राहिलो. पेटीतून काढायचा, तोलायचा, पुडी बांधायची."

मी हसलो, आणि लगेच पान आणि भुकटी यांतला फरक समजावून सांगायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दुकानातल्या एका पेटीत हात घातला, चिमूटभर पूड तळहातावर चोळून हुंगली आणि म्हणाले, "ही पावसाळ्यातली. ओल हाय." मी हुंगली. बरोबर होतं. तेव्हाच मला शहाणं व्हायला हवं होतं.

दुकानात खंडेनवमीची पूजा मांडली होती. तराजू, वजनं, पोतं टोचायची सुई, कात्री, सगळ्यांना झेंडूची फुलं. शिवलीलाने माझी किटली आणि चमचाही तिथे ठेवला. चमच्याची पूजा झालेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. समोरच ती फळी होती. धुतलेली, नवा कागद अंथरलेली, तीन चकचकीत डबे ओळीने लावलेले. डबे रिकामे होते.

दुपारी चार वाजता अप्पा बैठकीत बसले आणि म्हणाले, "आणा, काय चाखायचं ते."

मी स्वयंपाकघरात शिरलो. शिवलीला दूध तापवत होती. मी ते बाजूला सारलं.

"सर, अप्पांसाठी मी करते. त्यांना आधी..."

मी बोट ओठांवर ठेवलं. पान पाण्यात पडलं होतं, घड्याळ उलटं केलं होतं. माझ्या खोलीत पान मुरत असताना कुणी बोलायचं नाही, हा नियम तिला ठाऊक होता. ती गप्प बसली. घड्याळातली निम्मी वाळू सरली तेव्हा तिने पुन्हा तोंड उघडलं. "सर, एक सांगायचं हुतं..."

"वाळू संपू दे," मी म्हणालो.

वाळू संपली आणि मी कपबशी घेऊन थेट बैठकीत गेलो. पांढऱ्या कपात तांबूस, नितळ चहा. फार सुंदर उतरला होता. मी तो अप्पांच्या हातात दिला.

अप्पांनी कपात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कप हळूच जमिनीवर ठेवला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "आमच्याकडं असा चहा मयताच्या घरी देतेत."

ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. बसवराज त्यांच्या मागे गेला. कपातून वाफ येत राहिली.

शिवलीलाने मला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई, अव्वा, गेल्या. माती देऊन आल्यापासून तीन दिवस चुलीवर दूध चढवायचं नाही, अशी इथली रीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला बिनदुधाचा चहा. अप्पा तीन दिवस त्याच बैठकीत, त्याच जागी बसून होते. तेव्हापासून कोरा चहा त्यांनी तोंडाला लावला नव्हता. आधी थोड्या दुधातला देऊन, गप्पांत त्यांचं मन तयार करून, मग कधीतरी कोरा पुढे करायचा, असं तिने ठरवलं होतं.

"मग मला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. लाज वाटली की मी आधी चिडतो.

"दोनदा सांगाया गेले, सर."

सणाच्या दिवशी मी एका माणसाच्या हातात त्याच्या बायकोच्या मयताचा चहा दिला होता, आणि वर त्याच्या रंगाचं कौतुक करत उभा होतो. मला मनापासून वाईट वाटलं. त्याहून वाईट वाटलं ते या पोरीसाठी. अप्पा चाखणार नाहीत, म्हणजे फळी गेली. ती तापवलेल्या दुधाला विरजण लावत बसली.

जळकोट, दसरा

सकाळी पूजा आटपल्यावर अप्पांपाशी जाऊन माफी मागितली.

"तुमची काय चूक? तुमाला काय म्हाईत," ते म्हणाले. "पर घशाखाली उतरंना बगा. या घरात तर उतरंनाच."

मग शिवलीलाने शेवटचा प्रयत्न केला. त्याच पानात दूध घालून चहा आणला. माझा जीव तुटला, पण मी ब्र काढला नाही. अप्पांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, अगदी माझ्यासारखा.

"ह्यात नुसतं दूधच लागायलंय. पत्ती कुटं हाय?" ते म्हणाले. "असं खोटं इकू नको, लीला. गिऱ्हाईक फसल."

निकाल बरोबर होता. एवढी प्रामाणिक जीभ मी कंपनीतही फार थोड्यांची पाहिली होती. शिवलीलाने कप उचलला आणि आत नेला. थोड्या वेळाने ती दुकानात फळीवरचा कागद सरळ करताना दिसली, खरंतर तो सरळच होता. कोपऱ्यात साबणाचं खोकं येऊन पडलं होतं.

जेवायला पुरणपोळी, कटाची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी होती. आम्ही नाशिककर पुरणपोळीवर दूध घेतो. इथे गुळवणी, आणि वर तूप इतकं की पोळी दिसेना. मी तीन खाल्ल्या. दुःखात मला भूक लागते.

ऊन कलल्यावर सीमोल्लंघनाची तयारी सुरू झाली. इथे पुरुष मंडळी गावाची शीव ओलांडून जातात, आपट्याचं सोनं घेऊन परततात, आणि बायका दारात औक्षणाचं ताट घेऊन थांबतात. नाशकात आमच्या सोसायटीत गच्चीवर सोनं वाटलं की झालं, शीव कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नाही. मी टोपी घालून निघालो, तेवढ्यात अप्पांनी मला बाजूला घेतलं.

"तुमची ती किटली घ्या संगं. अन फुलाचा चहा घ्या. लीलाला बोलू नगा."

मी किटली, कप, पान, फुलं आणि घड्याळ पिशवीत भरलं. बसवराजने शेतातला लहान शेगडी-सिलिंडर गाडीच्या मागे टाकला, या वेळी मिरची नव्हती. शिवेवर मारुतीचा दगड आहे. तो ओलांडून पलीकडच्या माळावर आम्ही गेलो. इतर मंडळी आपट्याकडे गेली. अप्पा एका बांधावर बसले. बांधावर तरवड फुललेलाच होता, पिवळाधमक.

"घरात त्यो चहा दुखवट्याचा," अप्पा म्हणाले. "रीत हाय, मी मोडणार न्हाई. पर ती रीत गावातली. शिवेच्या ह्या बाजूला त्याला कोन वळखतंय? इथं करा."

मी पाणी उकळलं, उतरवलं, पान आणि फुलं टाकली, झाकण लावलं. घड्याळ उलटं करून बांधावर ठेवलं. अप्पा वाळूकडे पाहत होते. आणि बोलायला लागले.

"तीन दिस येणारा येऊन राहिला, कप हातात देऊन राहिला. मी पिऊन राहिलो. किती पिलो, कोनी दिला, गोड हुता का कडू, कायबी आठवत न्हाई. जल्मभर चहा इकला मी, अन तेवढ्याच चहाची चव मला ठावं न्हाई." ते थांबले. "ह्याची अव्वा, नीला, असती तर पैला कप तिनंच मागितला असता. दुकानात नवं काय आलं की पुडी फोडून आधी वास घ्यायची. मी रागवायचो. ती म्हणायची, तुमी नेम केलाय चाखायचा, मी केलाय हुंगायचा."

वाळू संपली होती. मला ते दिसत होतं. तीस वर्षांत मी एकदाही वाळू संपल्यावर पान पाण्यात ठेवलं नव्हतं. अप्पा बोलत होते, अव्वांच्या माहेराबद्दल, त्यांनी जपलेल्या आंबाडीबद्दल, आणि मी किटलीला हात लावला नाही. बसवराज खाली मान घालून ऐकत होता. आईबद्दल वडील एवढं बोलताना त्याने दोन वर्षांत ऐकलं नव्हतं, असं त्याने मला नंतर सांगितलं.

ते थांबले तेव्हा मी ओतला. रंग गडद झाला होता. अप्पांनी कप घेतला, आधी हुंगला, बराच वेळ हुंगला, आणि मग फुर्रकन घोट ओढला.

"कडवट झालाय," मी म्हणालो. "माझी चूक. वेळ जास्त झाली."

"हाव, कडू हाय," ते म्हणाले. "पर मागून गोड येतंय." आणि दुसरा घोट घेतला. डोळे भरले होते. ते त्यांनी पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. कप पुरा रिकामा केला, पुढे केला, आणि मी पुन्हा भरला.

"बाकीचे दोन?" मी भीतभीत विचारलं.

"ते उद्या. घरी."

उठताना मी किटलीत उरलेला चहा फेकायला गेलो, तर त्यांनी किटली माझ्या हातातून घेतली. झाकण घट्ट बसवलं आणि धोतराचा सोगा दुसऱ्या हातात धरून चालायला लागले. मंडळींनी आणून दिलेलं आपट्याचं सोनं खिशात, किटली हातात. मारुतीच्या दगडापाशी क्षणभर थांबले आणि शीव ओलांडून गावात शिरले.

दारात शिवलीला औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. किटली घरात नाही, एवढंच तिच्या लक्षात आलं असावं. लांबून अप्पांच्या हातात तिला ती दिसली.

अप्पा उंबऱ्याबाहेर थांबले. शिवलीलाने कुंकवाचं बोट पुढे केलं, तर त्यांनी मान मागे घेतली आणि किटली वर धरली.

"आधी हिला ओवाळ, लीला. नवीन येऊन राहिली घरात."

तिने किटलीला कुंकू लावलं. किटलीत अजून ऊब होती, ती तिच्या बोटाला लागली, आणि ती रडता रडता हसली. मग अप्पांना ओवाळलं, मग नवऱ्याला, मग मला. अप्पा बैठकीत गेले, आपल्या नेहमीच्या जागी बसले आणि चार कप मागितले.

तो चहा तोवर कोमट आणि चांगलाच कडू झाला होता. आम्ही चौघांनी तो संपवला. साबणाचं खोकं बसवराजने आपल्या हाताने मागच्या खोलीत नेऊन ठेवलं.